अ‍ॅशला औषध देऊनही शेंडा वाळतोय? काय काय तपासायचं

अंगणातला अ‍ॅश यंदा उशिरा पालवला. (अ‍ॅश म्हणजे इथे अमेरिकेत रस्त्यांवर आणि अंगणांत सावलीसाठी लावतात तो वृक्ष.) शेंड्याकडच्या काही फांद्यांवर पानं आलीच नाहीत. मागे औषध दिलं होतं, तेव्हा झाड सावरल्यासारखं वाटलं होतं, आणि आता पुन्हा तेच. ओहायो, मिशिगन, इलिनॉय, इंडियाना, न्यू जर्सी, पलीकडे ओंटारिओ. आपल्या लोकांनी जिथे जिथे अंगणवाली घरं घेतली, तिथे जून उजाडला की हा प्रश्न निघतोच. विसाव्या शतकात डच एल्म रोगाने इथल्या रस्त्यांवरचे एल्म मेले आणि त्यांच्या जागी सढळ हाताने अ‍ॅश लावले गेले. म्हणून कित्येक गल्ल्यांत ओळीने अ‍ॅश उभे आहेत, आणि म्हणूनच ते ओळीने वाळतातही.

तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी बहुतेकांचं मूळ एकच असतं. औषध आपण बुंध्यात किंवा मुळाशी देतो, पण ते शेंड्यापर्यंत चढवण्याचं काम झाडच करतं. अ‍ॅशच्या खोडात पाणी मुख्यतः सर्वांत बाहेरच्या, चालू वर्षाच्या वलयातून वर जातं. अ‍ॅश पोखरणाऱ्या एमराल्ड अ‍ॅश बोरर या किड्याची अळी नेमकी तिथेच, साल आणि लाकूड यांच्या मधल्या थरात, नागमोडी पोखरत फिरते. ती जितकं पोखरेल तितका औषधाचा रस्ता तुटतो. तेव्हा औषध चांगलं की वाईट हे नंतर. आधी विचारायचं ते हे, की हे झाड औषध वर नेऊ शकेल का?

झाड अ‍ॅशच आहे ना?

ही पायरी वगळू नका. भलत्याच झाडाला अ‍ॅश समजून लोक पैसे घालवतात. अ‍ॅशच्या फांद्या आणि पानं समोरासमोर जोडीने फुटतात, एकाआड एक नाही. पान संयुक्त असतं, एका देठावर साधारण ५ ते ११ पर्णिका. जुन्या झाडाच्या सालीवर शंकरपाळ्यांसारखी चौकटीची खोल नक्षी दिसते. अक्रोड आणि हिकरी यांचीही पानं संयुक्तच, पण ती एकाआड एक येतात. बॉक्स एल्डरची पानं समोरासमोर असतात, मात्र पर्णिका बहुधा ३ ते ५ आणि कोवळ्या डहाळ्या हिरव्या. लाल-केशरी फळांचे घोस येणारा माउंटन अ‍ॅश गुलाबाच्या कुळातला आहे, त्याला हा किडा लागत नाही.

कोवळेपणी हिरवा अ‍ॅश आणि पांढरा अ‍ॅश ओळखणं अवघड जातं, पण उपचारासाठी तो फरक महत्त्वाचा नाही. उत्तर अमेरिकेतले हिरवा, पांढरा, काळा हे सगळे अ‍ॅश या किड्यापुढे हतबल आहेत. निळा अ‍ॅश त्यातल्या त्यात तग धरतो.

किडा तोच आहे ना?

एमराल्ड अ‍ॅश बोरर, शास्त्रीय नाव अ‍ॅग्रिलस प्लॅनिपेनिस. अर्धा इंचाच्या आतबाहेर लांबीचा, निमुळता, धातूसारखा चकाकणारा हिरवा भुंगेरा. मूळचा ईशान्य आशियातला: चीन, कोरिया, रशियाचा अतिपूर्व भाग. तिथले अ‍ॅश त्याच्या सोबतीने उत्क्रांत झाले, त्यामुळे तिथे तो मुख्यतः आधीच अशक्त झालेल्या झाडांना धरतो. इथे त्याची ओळख पटली २००२ च्या उन्हाळ्यात, मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ, आणि त्याच वर्षी नदीपलीकडे विंडसरला. मेलेल्या झाडांची वाढवलयं मोजल्यावर कळलं की तो १९९० च्या दशकातच येऊन बसला होता. बहुधा मालाच्या पेट्या आणि बांधणीच्या लाकडातून आला असावा. म्हणजे ओळख पटण्याआधी कित्येक वर्षं तो निवांत पसरत होता. २०१३ मध्ये तो कोलोरॅडोत बोल्डरला सापडला, २०२२ मध्ये ओरेगनमध्ये फॉरेस्ट ग्रोव्हला. पोर्टलँडकडच्या मंडळींनी हे दूरचं दुखणं समजू नये.

कोकणात किंवा घाटावर आंब्याची बाग पाहिलेल्यांना खोडकिडा म्हटलं की भिरूड आठवतो: बुंध्याशी पडलेला भुसा, भोकातून गळणारा चीक, तारेचा आकडा घालून बाहेर ओढलेली जाडजूड अळी, मग औषधाचा बोळा आणि चिखलाने बंद केलेलं तोंड. ती सवय इथे घात करते. अ‍ॅशचा हा किडा भुसा बाहेर टाकतच नाही, तो बोगद्यातच ठासून भरत जातो. अळी चपटी आणि बारीक, लाकडाच्या आत खोल न जाता सालीखाली पसरलेली. एका झाडात त्या शेकड्यांनी असू शकतात. तारेने काढण्यासारखं काही हाती लागत नाही. खाली भुसा दिसला, तर उलट दुसराच एखादा स्थानिक पोखरकिडा असण्याची शक्यता जास्त.

मेअखेरीस आणि जूनमध्ये, ब्लॅक लोकस्ट नावाचं झाड फुलतं त्या सुमारास, भुंगेरे बाहेर पडायला लागतात. बाहेर पडतानाचं भोक इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचं, म्हणजे एक बाजू सपाट, आणि जेमतेम ३ मिलिमीटरचं. पूर्ण गोल किंवा लंबगोल भोक असेल, किंवा भोकातून कोषाचं कवच अर्धवट बाहेर लोंबत असेल, तर तो हा किडा नव्हे. भुंगेरे आठवडाभर पानांच्या कडा कुरतडतात. त्याने झाडाचं फारसं बिघडत नाही. मग माद्या सालीच्या भेगांत अंडी घालतात. अळ्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत पोखरतात, हिवाळा सालीत किंवा बाहेरच्या लाकडात दुमडून काढतात आणि वसंतात कोषात जातात. खरं नुकसान ते जुलै ते ऑक्टोबरमध्ये, तेही डोळ्यांआड. धडधाकट झाडात किंवा थंड प्रदेशात हेच चक्र दोन वर्षंही चालतं.

बुंध्यावर भोक नाही, म्हणजे किडा नाही, असं अजिबात समजू नका. तो सुरुवात वरच्या फांद्यांपासून करतो. आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ‘डी’ दिसेपर्यंत वर बरंच काही घडून गेलेलं असतं. सगळ्यांत लवकर बातमी देतो तो सुतार पक्षी. हिवाळ्यात तो अळ्यांसाठी वरच्या फांद्यांची बाहेरची साल सोलून टाकतो आणि करड्या सालीवर फिकट, पिवळसर पट्टे उमटतात. जानेवारी-फेब्रुवारीत, पानं नसताना, दुर्बिणीतून वर पाहा. खाली बर्फावर सालीच्या ढलप्या पडल्यात का तेही पाहा. माझ्या मते वर्षभरातली सगळ्यांत उपयोगी तपासणी हीच, आणि ती फुकट आहे. खात्रीच करायची असेल, तर झाडांच्या जाणकाराकडून, म्हणजे आर्बरिस्टकडून, पानगळीनंतर मधल्या उंचीवरच्या एक-दोन जिवंत फांद्या कापून घ्या आणि साल सोलून बघा. इंग्रजी ‘एस’सारखे वळत गेलेले, भुशाने भरलेले बोगदे दिसले की प्रश्न संपला.

बाकीची लक्षणं, म्हणजे बुंध्यावर आणि मुख्य फांद्यांवर फुटलेले कोंब आणि साल उभी चिरणं, ही नंतरची. बुंध्यातून फुटवे आले म्हणून झाड सावरतंय असं वाटतं, पण वरचा रस्ता तुटला म्हणून झाडाने खालून केलेली ती शेवटची धडपड असते.

उलट, पानं वरून नव्हे तर खालच्या फांद्यांवरून गळायला लागली, तीही थंड-ओल्या वसंतात आणि तपकिरी डागांसह, तर तो बहुधा अँथ्रॅक्नोज हा बुरशीचा रोग. उन्हं तापली की झाड पुन्हा पालवतं. डहाळ्यांवर तपकिरी गोळ्यांचे झुपके लटकत असतील, तर ते फुलांवरच्या सूक्ष्म कोळ्यांमुळे. दिसायला वाईट, पण झाडाला धोका नाही. अशा झाडांच्या मालकांना घाबरवून औषध विकलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याची चीड येते.

वाचवायचं की पाडायचं?

हा निर्णय पाडण्याच्या खर्चाकडे बघून नाही, फांद्या-पानांच्या घेराकडे बघून घ्यायचा. जूनअखेर ते जुलै या काळात, पानं पूर्ण भरलेली असताना, झाडापासून लांब उभे राहा आणि धडधाकट अ‍ॅशला जितकी पानं असायला हवी त्यातली किती गेली याचा अंदाज घ्या. खालच्या सावलीतल्या वाळक्या डहाळ्या मोजू नका, त्या प्रत्येक झाडाला असतात. वरून आणि कडेने विरळ झालेला भाग मोजा. दर वर्षी एकाच जागेवरून एक फोटो काढून ठेवला तर अंदाज घ्यावा लागत नाही.

साधारण ३० टक्क्यांपर्यंत पानं गेली असतील, तर उपचार करण्यात अर्थ आहे. अर्ध्याहून जास्त गेली असतील, तर पैसे औषधावर घालू नका. झाड औषध वर नेऊ शकणार नाही. मधल्या पट्ट्यात काय करायचं हे खरंच झाडागणिक ठरतं: बुंध्याची साल शाबूत आहे का, चिरा किती आहेत, झाडाला पाणी मिळतं का. मी स्वतः त्या पट्ट्यातल्या झाडाला बुंध्यातलं इंजेक्शन एकदा देऊन पाहीन, पण पाडण्याचे पैसेही बाजूला ठेवीन.

आणि झाडाला काहीच झालेलं नसेल, पण किडा तुमच्यापासून १५ मैलांच्या आत पोहोचला असेल, तर ती उपचाराची सर्वांत चांगली वेळ. ‘अजून काही दिसत नाही, पुढच्या वर्षी बघू’ हेच सगळ्यांत महागात पडतं. उपचार न केलेलं, किडा लागलेलं झाड लक्षणं दिसायला लागल्यापासून साधारण २ ते ५ वर्षांत मरतं.

उपचार केला होता, तरी फसला. का?

जवळजवळ प्रत्येक वेळी कारण पुढच्यांपैकी एखादं निघतं.

पहिलं म्हणजे काय दिलं आणि कसं दिलं. बुंध्यात इंजेक्शनने दिलं जाणारं इमामेक्टिन बेंझोएट आतापर्यंत सगळ्यांत परिणामकारक ठरलं आहे. एका मात्रेत दोन वर्षं, आणि किड्याचा दबाव कमी असेल तर तीन वर्षंही संरक्षण मिळतं. गावाकडे शेती असलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल, कारण घाटे अळी आणि बोंडअळीवर फवारतात ते हेच. पण म्हणून गावाहून ते आणायचा विचारही करू नका. फवारणीची भुकटी आणि बुंध्यात द्यायचं द्रावण ही वेगळी औषधं आहेत, इथे नोंदणी नसलेलं कीटकनाशक आणणं बेकायदा आहे, आणि इथलं इंजेक्शनसुद्धा परवानाधारक माणसानेच द्यायचं असतं. कॅनडात कडुनिंबापासून मिळणाऱ्या अ‍ॅझाडिरॅक्टिनचं इंजेक्शन बरंच वापरतात. ते चांगलं काम करतं, पण कमी टिकतं. किडा जोरात असेल तेव्हा दर वर्षी द्यावं लागतं, एरवी वर्षाआड.

आणखी एक वाट इमिडाक्लोप्रिड हे औषध मातीत ओतण्याची. घरगुती वापरासाठी दुकानात मिळतं ते बहुधा हेच. काही राज्यांनी त्याच्या घरगुती विक्रीवर बंधनं घातली आहेत, तेव्हा आधी आपल्या राज्याचा नियम बघा. हे दर वर्षी द्यावं लागतं. ‘दोन वर्षांपूर्वी दिलं होतं’ असं कुणी म्हणालं आणि ते इमिडाक्लोप्रिड निघालं, तर प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.

दुसरं, मात्रा. ती बुंध्याच्या व्यासावर ठरते, आणि व्यास जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजायचा. शिंप्याकडची फीत तिथे गुंडाळा, आलेल्या घेराला ३.१४ ने भागा. ६३ इंच घेर म्हणजे साधारण २० इंच व्यास. झाड वाढतं, तशी मात्राही वाढायला हवी. पाच वर्षांपूर्वीच्या मापावर आजचं औषध देऊन चालत नाही. दुकानातलं मातीत ओतायचं औषध साधारण १५ इंच व्यासापर्यंतच भरवशाचं. त्यावरच्या झाडाला घरगुती मात्रा पुरत नाही, आणि लेबलवर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे ती वाढवताही येत नाही. मोठं झाड वाचवायचं असेल, तर इंजेक्शनच. दर इंचावर ठरतो, म्हणून किमान दोघांकडून लेखी अंदाज घ्या. त्यात औषधाचं नाव, मोजलेला व्यास आणि मात्रा या तिन्ही गोष्टी असाव्यात. कुणी फीत न काढता नजरेने व्यास सांगत असेल, तर त्याला काम देऊ नका.

तिसरं, वेळ. अळ्या जुलैत पोखरायला लागण्याआधी औषध फांद्यांत पोहोचलेलं हवं. इमिडाक्लोप्रिड मातीतून शेंड्यापर्यंत जायला ४ ते ६ आठवडे घेतं, मोठ्या झाडात जास्तच, म्हणून ते मध्य एप्रिल ते मध्य मे. इमामेक्टिन पानं पूर्ण उघडल्यावर, मध्य मे ते मध्य जून. पानं नसताना दिलं तर वर ओढून नेणारं कुणीच नसतं. डायनोटेफ्युरॉन हे आणखी एक औषध लवकर चढतं, दोन-तीन आठवड्यांत, म्हणून ते मेअखेरीसही चालतं, पण तेही दर वर्षीच. ही वेळापत्रकं ओहायो-मिशिगनच्या हवेची. तुम्ही दक्षिणेला असाल तर तितकी अलीकडे सरकवा. ऑगस्टमध्ये झाड पिवळं दिसलं म्हणून घाईने औषध देणारे खूप असतात. त्याचा थोडा उपयोग होतो, पण त्या उन्हाळ्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

चौथं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि तेच सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे: पाणी. कोरड्या मातीतलं झाड पाणी ओढत नाही, म्हणजे औषधही ओढत नाही. तीन आठवडे पाऊस नसेल, तर औषधाच्या दोन-तीन दिवस आधी झाडाभोवती सावकाश, खोलवर पाणी सोडा. इंजेक्शन सकाळी घ्या, भर दुपारच्या कडक उन्हात नको. मातीत ओतताना बुंध्याभोवतीचा मल्च, म्हणजे मातीवरचं आच्छादन, बाजूला ओढा आणि उघड्या मातीत, बुंध्यापासून फूट-दीड फुटाच्या आत ओता. मल्च आणि सुकलेली पानं औषध शोषून बसतात. आणि माती चिखल झालेली असेल तर थांबा, औषध वाहून जाईल.

काही वेळा उपचार मुळात फसलेलाच नसतो. पहिल्या वर्षी औषध दिल्यावर झाड आणखी विरळ दिसू शकतं, कारण आधी तुटलेल्या रस्त्यांचा परिणाम उशिरा दिसतो. भुंगेरे बाहेर पडलेली जुनी भोकंही वर्षानुवर्षं सालीवर तशीच राहतात. म्हणून खडूने किंवा रंगाने आजच्या भोकांभोवती खुणा करून ठेवा आणि पुढच्या जुलैत खुणेबाहेरची नवी भोकं मोजा. निकाल दुसऱ्या वर्षीच्या पालवीवर लावायचा.

काय करू नये

बुंध्याला चुना, बोर्डो पेस्ट, हळद, निंबोळी तेलाचा लेप: यातलं काहीही सालीखालच्या अळीपर्यंत पोहोचत नाही. बुंध्यात दिलेलं अ‍ॅझाडिरॅक्टिन चालतं म्हणून वरून फवारलेलं निंबोळी तेल चालेल असं नाही, कारण एक झाडाच्या आतून फिरतं आणि दुसरं सालीवर वाळून जातं. पानांवर नेहमीची कीटकनाशकं फवारणंही टाळा. शेजारची माणसं आणि मधमाश्या त्रास भोगतात, अळी तशीच राहते.

झाडाच्या घेराखाली मेथी, भेंडी, टोमॅटो, मिरच्या लावलेल्या असतील, तर मातीतून इमिडाक्लोप्रिड अजिबात देऊ नका. भाजीची मुळंही ते ओढून घेतात. फुलझाडं असतील तरी नको, कारण ते मधमाश्यांसाठी विषारी आहे. वाफे हलवता येत नसतील, तर इंजेक्शन हाच पर्याय. उन्हाळ्यात अंगणात ठेवलेली कढीपत्त्याची कुंडीसुद्धा त्या दिवशी लांब न्या.

‘कडाक्याच्या थंडीने मरेल’ यावरही विसंबू नका. अळ्यांच्या शरीरात हिवाळ्यात गोठणरोधक द्रव्य तयार होतं. उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास बऱ्याच मरतात, पण सालीखालचं तापमान बाहेरच्या हवेइतकं खाली जात नाही. वाचलेल्या अळ्या पुरेशा ठरतात.

किती वर्षं हे चालवायचं?

झाड ठेवायचं असेल तोवर. हे आधीच स्वीकारलं तर बरं. मात्र तो खर्च कायम तितकाच राहत नाही. एखाद्या गावात किडा आला की सुरुवातीची वर्षं हळूहळू जातात, मग एकदम लाट येते. उपचार न झालेले जवळजवळ सगळे अ‍ॅश मेले की किड्याला खायलाच उरत नाही आणि दबाव खाली येतो. त्या लाटेत दोन वर्षांचं अंतर चुकवू नका. लाट ओसरल्यावर जाणकाराला विचारून ते तीन वर्षांवर नेता येतं. लाट ओसरली म्हणून उपचार थांबवला, तर गावात उरलेलं एकुलतं अन्न तुमच्या अंगणात असतं.

निसर्गातून थोडी मदत येते आहे. २००७ पासून किड्याच्या मूळ प्रदेशातल्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या अमेरिकेत सोडल्या जात आहेत. आतापर्यंत चार जाती सोडल्या गेल्या, एक अंड्यांवर जगणारी, बाकीच्या अळ्यांवर. त्यांना आपण त्रास होऊ देऊ नये, त्या माणसाला चावत नाहीत. पण अळ्या शोधणाऱ्यांपैकी काहींची अंडी घालायची नळी इतकी आखूड असते की पातळ सालीच्या कोवळ्या झाडांतच त्या काम करू शकतात. जंगलात नव्याने उगवणाऱ्या रोपांना त्यांचा आधार मिळेल. तुमच्या अंगणातला जुना अ‍ॅश त्यांच्यावर सोडता येणार नाही.

पाडायची वेळ आली तर

लांबवू नका. मेलेला अ‍ॅश फार लवकर ठिसूळ होतो आणि फांद्या अचानक, वाऱ्याशिवायही मोडतात. चढून काम करणारे अनुभवी लोक असं झाड हातात घ्यायला कचरतात, मग क्रेन लागते आणि खर्च वाढतो. जिवंत पण वाचण्यापलीकडचं झाड पाडणं हे वाळलेलं झाड पाडण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित. स्वतः करवत घेऊन चढणं तर सोडाच. रस्त्याकडेच्या पट्टीतलं झाड बहुधा सिटीचं असतं, तिथे आधी सिटीला कळवा. काही गावं खासगी झाड पाडण्यासाठीही परवानगी मागतात. पाडणाऱ्याचा विमा आहे याचा कागद बघितल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

अ‍ॅशचं लाकूड फार देखणं, चिवट आणि सरळ रेषांचं. बेसबॉलच्या बॅटा त्याच्याच करत आले. काळ्या अ‍ॅशच्या पट्ट्यांतून टोपल्या विणण्याची इथल्या मूळ रहिवाशांची, वाबानाकी आणि अनिशिनाबे लोकांची, परंपरा या किड्यामुळेच संकटात आहे. तेव्हा मोठा, सरळ ओंडका निघत असेल तर जवळच्या लाकूड कापणाऱ्या गिरणीत विचारा, सगळंच चिप्परमध्ये घालू नका. पण ते लाकूड गावाबाहेर नेऊ नका. केंद्र सरकारने १४ जानेवारी २०२१ पासून या किड्यावरची देशव्यापी बंधनं उठवली, कारण तो आधीच सगळीकडे पोहोचला होता. काही राज्यांचे नियम अजूनही आहेत. आणि भुंगेरा स्वतः उडून जितका पसरतो त्याहून किती तरी लांब तो कॅम्पिंगच्या सरपणातून गेला आहे. कॅम्पला जाताना घरची लाकडं गाडीत भरू नका, तिथेच विकत घ्या. जमलं तर १० मैलांच्या आतली, निदान ५० मैलांच्या आतली.

रिकाम्या जागी काय लावायचं, याचं उत्तर आधी गल्लीत फिरून शोधा. शहरी वृक्षलागवडीत १९९० पासून चालत आलेला एक आडाखा आहे: गावातल्या झाडांपैकी एका जातीची (स्पीशीज) १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (जीनस) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त नसावीत. बहुतेक उपनगरांत मेपल या हिशोबाबाहेर कधीच गेला आहे, आणि मेपलवर जगणारा आशियाई लांबशिंगी भुंगेरा २०११ मध्ये ओहायोतच, सिनसिनाटीजवळच्या क्लेरमाँट काउंटीत सापडला. शोभेचा कॅलरी पेअर तर नकोच, ओहायोत जानेवारी २०२३ पासून त्याची विक्रीही बंद आहे. जागा मोठी आणि ओलसर असेल तर स्वॅम्प व्हाइट ओक, माती साधारण असेल तर हॅकबेरी किंवा केंटकी कॉफी ट्री, आणि घराजवळ लहान झाड हवं असेल तर सर्व्हिसबेरी. तिची फळं जूनमध्ये पिकतात आणि पक्ष्यांनी राहू दिली तर माणसांनाही खाता येतात. रोप जुन्या बुंध्याच्या जागीच लावू नका, तो दळून काढला तरी तिथे भुसा आणि मुळं राहतात. सहा-आठ फूट बाजूला, सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात लावा, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी तोडू नका.